चार अ‍ॅसिडं, एक कुरूप

त्वचेच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली तेव्हा फोनवरच्या मुलीने बजावून सांगितलं होतं, "मॅडम, चेहऱ्याला जे जे लावता ते सगळं घेऊन या. सगळं हं." आता सगळं म्हणजे सगळं. साडीच्या दुकानाची एक जाड कापडी पिशवी होती, ती भरून नेली. वाटलं होतं, आत केबिनचं दार लोटून डॉक्टर आणि मी, दोघीच काय ते बघू. पण काउंटरवरच्या त्याच मुलीने वही उघडली आणि म्हणाली, "इथेच काढून ठेवा ना मॅडम, मी नावं लिहून घेते. आत डॉक्टरांचा वेळ जात नाही."

डोंबिवलीतलं क्लिनिक. वेटिंगच्या खुर्च्या आणि काउंटर यांच्यात अंतर किती, तर खुर्चीतल्या माणसाने पाय लांब केला की तो काउंटरला टेकतो. आणि एका काकांनी तो केलेलाच होता. उजवी चप्पल काढून ठेवलेली, पाऊल उघडं, अंगठ्याखाली हरभऱ्याएवढं कुरूप. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. मी पहिली बाटली बाहेर काढली आणि काकांनी पाय आत घेतला. सरसावून बसले.

"हे काय?"

मी ऐकलंच नाही.

"ताई, हे काय आहे?"

"फेसवॉश."

"आणि हे?"

"तेही फेसवॉशच. पहिल्याने मेकअप निघतो, दुसऱ्याने पहिला निघतो."

"अच्छा," काका म्हणाले. हे 'अच्छा' साधं नव्हतं. त्याचा उलगडा त्यांनी स्वतःच केला. "मी जकात नाक्यावर होतो. ट्रक नुसता हलला तरी आत काय भरलंय ते सांगायचो."

आपल्याकडे जकात टप्प्याटप्प्याने गेली. २०१७ साली जीएसटी आला आणि मुंबईचीही गेली. नाके बंद झाले, पण तिथली माणसं कुठे जाणार? ती घरी गेली, आणि घरच्यांनी कंटाळून त्यांना दवाखान्यात पाठवलं. काकांच्या समोर बऱ्याच वर्षांनी माल उतरत होता. त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते माझ्या पिशवीतल्या एकाही सीरमने मला कधी दिलं नाही.

"हे आयोडीन?"

"व्हिटॅमिन सी."

"मग तपकिरी का?"

हा प्रश्न मी स्वतःला मुद्दाम विचारत नव्हते. व्हिटॅमिन सी हवा-उजेडाने बिघडतं, आधी पिवळं पडतं, मग तपकिरी. काउंटरवरच्या मुलीने वहीत 'व्हिटॅ. सी' लिहिलं आणि पुढे, मला दिसेल असं, 'खराब'.

तेवढ्यात काकांनी एक बाटली उचलून चष्मा कपाळावर चढवला. "ताई, फसवलं तुम्हाला. वर छापलंय तीस एमएल आणि खाली बारीक अक्षरात बारा एम. म्हणजे आत बाराच. अठरा एमएल गेलं कुठे?"

"काका, ते उघड्या डबीचं चित्र आहे ना, त्यात लिहिलंय. उघडल्यापासून बारा महिन्यांत वापरायचं, असा अर्थ आहे."

"मग कधी उघडली?"

आता कोणती बाई बाटली उघडताना तारीख टाकते? काकांनी खिशातलं एक पेन काढून पुढे केलं. यातला कुचकेपणा मला तेव्हा कळला नाही, रात्री झोपताना कळला.

एव्हाना सगळं क्लिनिक गप्प झालं होतं. समोर एक बाई मुलीला घेऊन बसल्या होत्या. मुलीच्या कपाळावर पिंपल्स. आई तिला कोपराने ढोसत "बघ, बघ" म्हणत होती, आणि मला बघून काय शिकायचं ते मुलगी शिकत होती.

मग काकांना अ‍ॅसिडं सापडली.

"ग्लायकोलिक अ‍ॅसिड," त्यांनी वाचलं. मोठ्याने. "लॅक्टिक अ‍ॅसिड. सॅलिसिलिक अ‍ॅसिड. हाय... हायल्यु... हेही अ‍ॅसिडच. चार अ‍ॅसिडं! नाक्यावर अ‍ॅसिडच्या टँकरचे कागद आम्ही वेगळे बघायचो."

"हायल्युरॉनिक अ‍ॅसिडने जळत नाही काका. ते पाणी धरून ठेवतं."

"नावात अ‍ॅसिड आहे ना? मग अ‍ॅसिडच्या हेडखालीच जाणार." मुलीने खरोखरच वहीत चौघांना एक कंस केला.

मी म्हणणार होते की तुम्हाला यातलं काही कळत नाही. तेवढ्यात काकांनी शर्टाच्या खिशातून एक चपटं पाकीट काढलं. कुरुपावर चिकटवायच्या पट्ट्या. पाकिटावर बोट ठेवून त्यांनी एकेक अक्षर सुटं करत वाचलं, "सॅ-लि-सि-लिक अ‍ॅसिड, चाळीस टक्के." मग माझी बाटली उचलली. "सॅलिसिलिक अ‍ॅसिड, दोन टक्के." मग माझ्याकडे बघितलं. "ताई, मला हे कातडी सोलून निघायला दिलंय. पायाची. तुम्ही तोंडाला लावता?"

"चाळीस आणि दोन यात फरक आहे."

"आहे ना. पण दोन किती ठिकाणी आहे?" आणि हा माणूस मालाची रांग लावायला लागला. फेसवॉशमध्ये सॅलिसिलिक. टोनरमध्ये सॅलिसिलिक. पुटकुळीवर टिपका द्यायच्या जेलमध्ये सॅलिसिलिक. "टोटल मारा," त्यांनी मुलीला सांगितलं.

टक्के असे एकात एक मिळवता येत नाहीत, फेसवॉश तर धुऊन टाकतात. हे मला येतं. शाळेत गणितात मी बरी होते. पण मास्कच्या आत तोंड भगभगत असताना, अनोळखी माणसांसमोर, हे सुचत नाही. चिडले होते मी. अजूनही आहे. पिशवीत कोपऱ्यात एक डबी उरली होती, ती मी काढलीच नाही. काकांनी पिशवीकडे बघून फक्त एवढंच म्हटलं, "तळ दाखवा."

मास्क का, तर तोंडाभोवती आणि नाकाच्या कडांना बारीक लाल पुटकुळ्या उठल्या होत्या. ओठांना लागून एक बारीक पट्टी तेवढी स्वच्छ, आणि तिच्याबाहेर सगळीकडे तांबडं. साधं पाणी लावलं तरी चुरचुरायचं. डॉक्टरांनी मास्क काढायला लावला, दिव्याखाली एकदाच बघितलं आणि म्हणाल्या, "पेरिओरल डर्मटायटिस, म्हणजे तोंडाभोवतीचा त्वचेचा दाह." मग वही वाचली. वही वाचताना त्यांचे ओठ हलत होते. मधेच त्या गालातल्या गालात हसल्या. तो कंस असणार.

त्यांनी समजावलं ते मात्र नीट समजावलं. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर जेमतेम १० ते २० मायक्रॉनचा, डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. त्यात मेलेल्या पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामधले सेरामाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी अ‍ॅसिड म्हणजे सिमेंट. दोनदा फेसवॉश केला की सिमेंट धुऊन जातं. अ‍ॅसिडने विटा सुट्या होतात. रेटिनॉल खालून नव्या विटा घाईघाईने वर ढकलतं. एकेकटं केलं, सवडीने केलं, तर बहुतेकांची कातडी सोसते. सगळं एकाच रात्री केलं की भिंतीला भोकं पडतात. आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं काहीही आत शिरतं. मग वास येण्यासाठी घातलेलं अत्तरसुद्धा झोंबतं.

"पण सेरामाइडचं क्रीम आहे माझ्याकडे," मी म्हटलं.

"आहे. त्याच्यावर तुम्ही ग्लायकोलिक लावता," डॉक्टर म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, मेडिकलमधून आणलेली एखादी ट्यूब? गोरं करणारी, डाग घालवणारी? माझ्याकडे नव्हती. पिशवीत काय नव्हतं ते विचारणारं निदान कुणीतरी भेटलं, म्हणून मी जरा ताठ बसले. ही ट्यूब म्हणजे बहुतेक वेळा स्टेरॉइडचं मलम. लावलं की आठवड्यात चेहरा लख्ख, बंद केलं की लालबुंद, म्हणून परत लावायचं. २०११ साली आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी एक पाहणी छापली होती. चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉइड लावून बसले होते. २०१८ साली सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. तो अजून शेजारणीच्या डागांकडे काउंटरवरूनच बघतो आणि "हे सगळेच नेतात" म्हणतो.

असो. मला औषध मिळालं ते म्हणजे झिरो थेरपी. इंग्रजी नाव ऐकून मला वाटलं लेझर वगैरे असेल. झिरो थेरपी म्हणजे काही लावायचं नाही. फेसवॉश नाही, क्रीम नाही, मेकअप नाही. पाणी. "बंद केल्यावर आधी वाढेल," डॉक्टर म्हणाल्या, "घाबरू नका, मग कमी होईल. काही आठवडे लागतात." त्या काही आठवड्यांत माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न आहे, मी वरमाईच्या समोरच्या रांगेत आहे, आणि व्हिडिओवाला आहे. काहीही न लावण्याची फी आठशे रुपये.

आता मला एक सांगा. ही पिशवी काय मी एका दिवसात भरली? ऑफिसातली ती, नाव घेत नाही, रोज सकाळी पंच करताना म्हणायची, "बरं नाही का गं? चेहरा उतरलाय." इथून सुरुवात. मॉलमधल्या मुलीने गालाला एक यंत्र टेकवून टॅबवर माझी कातडी दाखवली, चंद्राचा फोटो असावा तशी, आणि म्हणाली, "मॅम, तुमचं वय आणि तुमच्या स्किनचं वय मॅच होत नाहीये." रेटिनॉल आलं. त्याने कातडी सुटायला लागली, म्हणून भाचीने सांगितलं, "मावशी, अगं, हायड्रेशन लागतं." हायल्युरॉनिक आलं. मग रात्री वरून पेट्रोलियम जेली थापायची, त्याला स्लगिंग म्हणतात. उशीचे अभ्रे तेलकट झाले आणि मला पुटकुळ्या आल्या, म्हणून सॅलिसिलिक. त्याने लाल झालं, म्हणून नायसिनामाइड. ते टोनरमध्येही होतं, सीरममध्येही, क्रीममध्येही, हे मला आता वहीवरून कळलं. प्रत्येक खोक्यावर लिहिलेलं असतं, रोज सकाळ-संध्याकाळ लावा. शेजारच्या खोक्यात काय आहे हे कुठल्या खोक्याला माहीत? आणि काय कशाबरोबर लावू नये ते लिहिलेलं असलंच तर इतक्या बारीक अक्षरात, की चाळिशीचा चष्मा लागतो. चष्मा लावून क्रीम लावता येत नाही.

आईला फोन केला तर ती म्हणाली, "आम्ही आयुष्यभर डाळीचं पीठ आणि साय लावली, झालं का आम्हाला काही?" झालं होतं. मी लहान असताना आईने उन्हाचा काळपटपणा जावा म्हणून लिंबू चोळलं होतं आणि आठवडाभर तिचे गाल सोललेल्या बटाट्यासारखे दिसत होते. पीएचचा आकडा जितका लहान तितकं ते आम्ल. लिंबाचा पीएच दोनच्या आसपास, आपल्या कातडीचा पाचच्या जवळ, आणि अंगाच्या साबणाचा नऊ-दहा. म्हणजे घरगुती म्हणून ते गुणाचंच, असं काही नाही. पण आईला पीएच सांगायला गेलं की ती विचारते, "जेवलीस का?"

राग कशाचा येतो सांगू? लाव म्हणणारे सगळे. काही लावलं नाही तर "जरा स्वतःकडे लक्ष दे" म्हणणारे हेच, आणि लावून तोंड भाजलं की "कशाला इतकं लावायचं?" म्हणून हसणारेही हेच. काकांच्या तोंडाला आयुष्यात दाढीच्या साबणापलीकडे काही लागलेलं नसणार. पण सत्तरीत त्यांना कुणी विचारलं का, की काका, तुमचं आणि तुमच्या स्किनचं वय मॅच होतं का? त्यांच्या कुरुपाबद्दलही त्या खोलीत कुणी एक शब्द काढला नाही. ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

केबिनमधून बाहेर आले तर काका त्याच खुर्चीत. "काय निघालं?"

"सगळं बंद करायला सांगितलंय."

"मी पाच मिनिटांत सांगितलं," काका खोलीला उद्देशून म्हणाले. "त्याला फी नाही." पिंपल्सवाल्या मुलीची आई कौतुकाने हसली. आणि मग काकांची पाठ वळलेली बघून माझ्याकडे सरकली, हळूच म्हणाली, "ते निळ्या झाकणाचं सनस्क्रीन कुठून घेतलंत हो? पांढरं पडत नाही ना?"

मी बाटल्या परत पिशवीत भरत होते. घरून येताना सगळ्या मावल्या होत्या, आता दोन बाहेर राहत होत्या. पैसे देताना वर बघितलं, तर काउंटरच्या मागे काचेचं कपाट. आत दिवा. ओळीने पांढऱ्या बाटल्या, वर क्लिनिकच्या नावाची चिठ्ठी.

"हे काय?" मी विचारलं. काकांच्याच आवाजात निघालं ते, माझा इलाज नव्हता.

"मॅडम, झिरो थेरपी संपली ना, की डॉक्टर हे सुरू करतात," मुलगी म्हणाली. "बॅरिअर रिपेअर. आत्ता दोनवर एक आहे, लग्नसराईपुरतं."

मी किंमत विचारली. नुसती विचारायला काय जातंय.