आशुराच्या दिवशी तैमूर होता कुठे?

मोहरमचा चंद्र दिसला की आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड पुन्हा उगवतो. मजकूर असा: ताजिया तैमूरलंगाने सुरू केला, आजारी असल्याने त्याला इराकमधल्या करबल्याला जाता येईना, म्हणून दिल्लीतच पैगंबरांचे नातू इमाम हुसेन यांच्या रौज्याची, म्हणजे कबरीवरच्या वास्तूची, नक्कल करवून घेतली. सबब ही आक्रमकाची प्रथा, आपल्या पूर्वजांचा तिच्याशी संबंध नाही. वर शेपूट: मोहरम म्हणजे त्यांच्या नववर्षाचा जल्लोष.

गंमत म्हणजे तैमूरची ही गोष्ट ताजियासोबत चालणारेही मोठ्या कौतुकाने सांगतात. तेव्हा खोटारडा कोणा एकालाच ठरवायला नको. फक्त तारखा बघू. हिजरी ८०१ चा मोहरम सप्टेंबर १३९८ मध्ये लागला. तैमूरच्या फौजेने सिंधू ओलांडली ती मोहरमच्या बाराव्या तारखेला, २४ सप्टेंबरला. आशुरा असतो दहावीला. तो दोन दिवस आधीच उरकला होता. डिसेंबरात दिल्ली लुटली आणि मार्च १३९९ मध्ये स्वारी परत सिंधूपार. पुढचा मोहरम आला सप्टेंबरात. म्हणजे हिंदुस्थानात असताना तैमूरला एकही आशुरा मिळाला नाही. ताजिया बनवला कधी, दिवाळीत?

आता पूर्वज. पुण्यात १८९४ पर्यंत हिंदू मंडळी ताबुतांपुढे, म्हणजे ताजियांपुढेच, नाचत, स्वतःचे डोलेही (ताबूतच) बसवत. १८९३ च्या मुंबईच्या दंग्यानंतर त्यांनी मोहरमवर बहिष्कार घालावा असा प्रचार झाला आणि सार्वजनिक गणेशोत्सवाने जोर धरला. संबंधच नव्हता, तर बहिष्कार कशावर घातला? आणि आपल्याच गावात होळकरांच्या काळापासूनचा ‘सरकारी ताजिया’ आजही राजवाड्याजवळच्या इमामबाड्यातून करबला मैदानाकडे निघतो. तिकडे ग्वाल्हेरला शिंद्यांचाही ताजिया. महादजींची श्रद्धा बीडच्या मन्सूरशाह अवलियांवर. भीतीपोटी केलं म्हणावं, तर गादीवर हेच बसलेले. कोणाची भीती?

‘त्यांची प्रथा’ हेही सरसकट खरं नाही. बरेलीच्या अहमद रझा खान यांच्यासारख्या सुन्नी आलिमांनी (धर्मपंडितांनी) रूढ ताजियादारीला विरोधच केला होता. देवबंदच्या मदरशाचे सुन्नी पंडित, त्यांचं तर विचारूच नका.

राहिला जल्लोष. मोहरम हिजरी वर्षाचा पहिला महिना आहे, एवढंच त्यात बरोबर. पण हिजरी ६१ मध्ये, १० ऑक्टोबर ६८० रोजी, इमाम हुसेन आणि त्यांचे परंपरेने बहात्तर मानलेले साथीदार करबल्यात मारले गेले. फरात नदी समोर, आणि तीन दिवस पाणी बंद. मिरवणुकीच्या वाटेवर सबील (पाणपोई) लावून सरबत वाटतात ते त्या तहानेची आठवण म्हणून.

आशुराच्या खिचड्याचीही एक गोष्ट आहे. आमच्या आधीच्या वाड्यातल्या खाला घोटणीने देग घोटताना सांगायच्या: महापुरातून वाचलेल्या नूह पैगंबराची नाव जूदी डोंगराला लागली ती याच दिवशी. उरलेले मूठ-मूठ गहू, डाळी, जे होतं ते एका भांड्यात शिजवलं, तोच हा खिचडा. घोटणी जड झाली की माझ्या हातात द्यायच्या आणि गोष्ट पुढे चालू. मी त्यांना नूहची तारीख कधी विचारली नाही. त्या गोष्टीच्या जोरावर त्या कोणाला गावाबाहेर काढत नव्हत्या.