चौथीच्या पेपरात मोठी माणसं नापास झाली, म्हणून काय सिद्ध झालं?

गेले काही दिवस एक व्हिडिओ आमच्या पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. कोल्हापुरात रंकाळा तलावावर फिरायला आलेल्या लोकांसमोर माईक धरायचा आणि चौथी-पाचवीच्या पुस्तकांतले प्रश्न विचारायचे. महाराष्ट्रात जिल्हे किती, ग्रह किती, परिमिती म्हणजे काय, ३.२५ मोठे की ३.५. माणसं गडबडतात, एकमेकांकडे बघतात, आणि मागून हशा सोडलेला असतो. खाली मजकूर आहे तो असा: मोठ्यांना चौथीचं येत नाही, तरी त्यांचं काही अडलेलं नाही. म्हणजे शाळेत शिकवतात त्यातलं बरंचसं निरुपयोगी आहे. लागेल ते मोबाईलमध्ये मिळतंच. मुलांच्या परीक्षा बंद करा.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्याच वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांनी हा व्हिडिओ "शंभर टक्के खरं" असं लिहून पुढे पाठवला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

"मोठी माणसं नापास झाली."

कशात नापास झाली ते आधी बघू. तिशी-पस्तिशीचा एक जण जिल्हे ३५ म्हणाला आणि त्याच्या तोंडावर लाल फुली मारली. तो चौथीत होता तेव्हा ३५ हेच बरोबर उत्तर होतं. १९९९ मध्ये हिंगोली आणि गोंदिया झाले तेव्हा ३५ झाले, आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाल्यावर ३६. त्याच्या वडिलांना विचारलं असतं तर आकडा आणखी कमी आला असता, कारण राज्य झालं तेव्हा जिल्हे २६च होते. ग्रह नऊ म्हणणाऱ्या बाईंचंही तेच. प्लूटोला २००६ मध्ये ग्रहांच्या यादीतून काढलं, त्याआधी शाळा सोडलेला माणूस नऊच म्हणणार. ही माणसं शिकलेलं विसरलेली नाहीत. उलट इतकं पक्कं लक्षात ठेवलंय की नवं उत्तर अजून आत शिरलेलं नाही.

गणितात तर उत्तरही बदललेलं नसतं, फक्त रीत बदललेली असते. ५०३ मधून २७८ वजा करा. वर्गात मी शतक सुटं करून दाखवते: पाच शतकांतलं एक मोकळं केलं, त्याचे दहा दशक, त्यातलं एक दशक मोकळं करून सुटे तेरा. घरी आजोबा तेच गणित "वर दहा, खाली एक" असं करतात. उत्तर दोघांचंही २२५. पण नातू सांगतो, आजोबा चुकीचं करताय, बाई असं करत नाहीत. आजोबाही मग पेन खाली ठेवतात. असं माझ्यापर्यंत आलं की मी दोन्ही रीती फळ्यावर शेजारी शेजारी मांडते आणि मुलांनाच विचारते, दोन्हींत दहा कुठून आले ते सांगा.

राहिली व्हिडिओची गोष्ट. बरोबर उत्तरं देणारे किती जण कापले, हे त्यात कुठेच नाही. २००८ मध्ये टीव्हीवर शाहरुख खान मोठ्यांना पाचवीचे प्रश्न विचारायचा, तिथेही प्रश्न माणूस अडकेल असेच निवडलेले असायचे. पण तो उघड खेळ होता. त्यावरून कोणी शाळेचा निकाल लावत नव्हतं.

"विसरलं म्हणजे वाया गेलं."

हा मुद्दा लोकांना पटतो, म्हणून जरा थांबून बोलते. हरमान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले पाठांतराचे प्रयोग प्रसिद्ध केले. माणूस भराभर विसरतो, हा त्यातला भाग सगळ्यांना ठाऊक असतो. दुसरा भाग कोणी सांगत नाही. जे पूर्ण विसरल्यासारखं वाटतं, ते पुन्हा पाठ करायला घेतलं की पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. एबिंगहाउस मोजत होता तो हा वाचलेला वेळ. आठवत नाही आणि उरलंच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेतल्या हॅरी बारिक यांनी १९८४ मध्ये शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या सातशेहून अधिक लोकांची चाचणी प्रसिद्ध केली. काहींना शिकून पन्नास वर्षं झाली होती. पहिल्या तीन ते सहा वर्षांत बरंच गळून गेलेलं, पण त्यानंतर जे उरलं ते पुढची पंचवीस-तीस वर्षं जवळजवळ तसंच टिकलेलं. आणि ज्यांनी मुळात जास्त शिकलं, चांगलं शिकलं, त्यांच्याकडे जास्त उरलं. चौथीत नीट शिकवायचं ते यासाठी. मुलगी चाळिशीत रंकाळ्यावर फटकन उत्तर देईल म्हणून नव्हे, तर गरज पडल्यावर पुस्तक उघडून दहा मिनिटांत तिच्या लक्षात यावं म्हणून. माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया अभ्यास घेताना हे रोज अनुभवतात. पहिल्या दिवशी म्हणतात, "बाई, मला काय भागाकार आठवत नाही." दोन उदाहरणं मुलीबरोबर सोडवली की तिसऱ्याला हात आपोआप चालतो. जिने भागाकार कधी शिकलाच नाही, तिचं असं होत नाही.

"रोजच्या आयुष्यात याचा काही उपयोग नाही."

हे वाक्य कोल्हापूर जिल्ह्यात बसून लिहावं याचं मला खरंच वाईट वाटतं.

दूध संस्थेत सकाळी उभं राहून बघा. पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम. काल साडेतीन लिटर होतं, आज सव्वातीन भरलं, फॅट ६.८ चं ६.५ वर आलं. कॅन रिकामी करता करता बाई हिशेब लावते की म्हैस आटायला लागली की पेंड कमी पडली. समजा दर ५२ रुपये ४० पैसे, तर साडेतीन लिटरचे १८३ रुपये ४० पैसे. दहा दिवसांच्या बिलात दोन-तीन रुपयांचा फरक असला तरी तिच्या ध्यानात येतो. हीच बाई माईकसमोर "३.२५ मोठे की ३.५" या प्रश्नाला अडखळेल. माझ्या वर्गातली मुलंही सुरुवातीला २५ पाचापेक्षा मोठे म्हणून ३.२५ कडे बोट दाखवतात. अशा मुलाला मी आईची दुधाची पावती आणायला सांगते. सव्वातीन आणि साडेतीनमध्ये जास्त दूध कशात, हे त्याला पुस्तकाआधीच माहीत असतं. दशांश चिन्हानंतरच्या २५ चा अर्थ तिथे उलगडतो.

परिमितीला हसलेल्या लोकांसाठी एक उदाहरण. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. २२ फूट बाय साडेएकोणपन्नास फूट, हाही बरोबर एक गुंठाच. विकताना भाव सारखा. पण कुंपणाला पहिल्याभोवती १३२ फूट तार लागेल आणि दुसऱ्याभोवती १४३. जागा घेताना क्षेत्रफळ आणि परिमिती यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याला तारेच्या दुकानात कळतो.

आणि पूर. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खं शहर राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेच्या पातळीवर डोळा ठेवून असतं. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. सकाळी मेसेज येतो, पाणी ३६ फूट ८ इंच. इशाऱ्याला किती उरलं? इथे हातचा दहाचा चालत नाही, बाराचा घ्यावा लागतो. २ फूट ४ इंच, म्हणजे २८ इंच. तासाला दोन इंच चढत असेल तर चौदा तास. म्हणजे प्रयाग चिखलीत, आंबेवाडीत जनावरं आजच हलवायची की उद्या सकाळी, हे या वजाबाकीवर आणि या भागाकारावर ठरतं. २०१९ आणि २०२१ ज्यांनी पाहिलं, त्यांना हा चौथीचा अभ्यास फालतू वाटणार नाही. तरीही त्यांच्यातल्या कोणाला रंकाळ्यावर गाठून "भागाकाराची पडताळणी कशी करतात" विचारलं, तर तो गप्प बसेल. तुमच्या व्हिडिओत तो नापास.

"लागेल ते मोबाईलमध्ये मिळतंच."

मिळतं. पण २८ भागिले २ करायचं की २८ गुणिले २, हे मोबाईल ठरवत नाही. उत्तर १४ तास आलं की ५६, यातलं पटण्यासारखं कोणतं, हे ओळखणारा माणूसच लागतो.

"मग परीक्षा फक्त मुलांच्याच का? बंद करा."

या मुद्द्यात एक गोष्ट खरी आहे, ती आधी मान्य करते. नुसत्या याद्या पाठ करून घेणं कमी व्हायला हवं. शिष्यवृत्ती परीक्षेच्या नावाखाली लहान मुलांची जी दमछाक आपल्या जिल्ह्यात चालते, ती मला बघवत नाही. दीड तासात पंचाहत्तर प्रश्न, असे दोन पेपर. ते आईबापांना सुटत नाहीत यात नवल नाही, सराव केल्याशिवाय ते सुटतच नाहीत. स्वतःला न सुटणाऱ्या गणितासाठी मुलाला मारणाऱ्या बापाला कोणी हा व्हिडिओ दाखवला, तर माझी तक्रार नाही.

पण मोठ्यांची परीक्षा होतच नाही, हे खोटं आहे. विकसित देशांची ओईसीडी ही संघटना १६ ते ६५ वयाच्या लोकांची वाचन, अंकज्ञान आणि समस्या सोडवण्याची चाचणी घेते. डिसेंबर २०२४ मध्ये ३१ देश आणि प्रदेशांचे निकाल आले. अशा श्रीमंत देशांतही सरासरी १८ टक्के प्रौढ कुठल्याच विषयात अगदी पायाभूत पातळीही गाठू शकले नाहीत. ही चाचणी वेळ लावून घेत नाहीत आणि त्यात राजधान्या विचारत नाहीत. समोरचा मजकूर वाचून त्यातून काय काढता येतं, एवढं बघतात. निकालावरून कोणी शाळा निरुपयोगी ठरवल्या नाहीत. ही माणसं मागे का राहिली, याची चिंता केली.

आपल्याकडे तर हा प्रश्न अजून पायाशीच आहे. 'असर' या शिक्षणाच्या स्थितीवरच्या २०२३ च्या पाहणीत देशातल्या निवडक जिल्ह्यांतली १४ ते १८ वयाची मुलं तपासली. त्यांतल्या सुमारे पंचवीस टक्क्यांना आपल्याच भाषेतला दुसरीचा उतारा सलग वाचता येत नव्हता, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं फक्त ४३.३ टक्क्यांना जमलं. ही मुलं चाळिशीची नाहीत. त्यांतल्या पुष्कळांचं शिकायचंच राहून गेलंय.

व्हिडिओ मला सगळ्यात जास्त खटकला तो इथे. त्यात एका आजींसमोर पाटी धरून "वाचा" म्हटलंय. आजींनी पदर तोंडाला लावला आणि मान फिरवली. तिथेही तोच हशा. प्लूटो विसरलेला इंजिनियर आणि अक्षर कधी शिकायलाच न मिळालेली बाई, दोघांना एकाच यादीत नापास केलं. इंजिनियरचं खरंच काही अडलेलं नाही. आजींचं आयुष्यभर अडलेलं आहे: एसटीची पाटी, औषधाची चिठ्ठी, बँकेतली स्लिप, सगळ्याला दुसऱ्याचं तोंड बघावं लागलंय. "काही अडलं नाही" हे कोणाकडे बघून लिहिलं?

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये याच करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. तरीही त्यानंतर कित्येक दशकं वाड्यावस्त्यांवरच्या मुली धाकटं भावंड कडेवर घेऊन घरीच राहिल्या. त्या आता साठीच्या पुढे आहेत.

त्यांच्यातल्या काही जणी १७ मार्च २०२४ ला आमच्या शाळेत परीक्षेला बसल्या. 'उल्लास'ची, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रमाची चाचणी त्या रविवारी राज्यभर होती. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी पन्नास गुण. बाकं तिसरीची, गुडघे मावेनात म्हणून एक जण आडवी बसली होती. पेन इतकं दाबून धरलं होतं की नावातला काना खालच्या कागदावरही उमटला. तिचा नातू दारातून हळूच उत्तर सांगायला लागला. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "बाई, त्येला भाईर घालवा. माझं मी लिवतो." आणि बेरजेला परत पहिल्यापासून सुरुवात केली.

तिला चौथीचा पेपर दिला तर ती नापास होईल. पण ज्या पेपरला ती बसली, तो तिला हवा होता. हसतील या भीतीने अशा बायका नाव द्यायलाच तयार होत नाहीत. घरोघरी जाऊन समजूत काढताना पहिला अर्धा तास "आता म्हातारपणी लोकं काय म्हणतील" यातच जातो. असे व्हिडिओ फिरले की तो अर्धा तास वाढतो. निदान त्या आजींचा भाग तरी काढून टाका, एवढी विनंती व्हिडिओ बनवणाऱ्याला आणि पुढे पाठवणाऱ्यांना आहे.

या चाचणीत प्रत्येक भागात ३३ टक्के गुण लागतात. कमी पडले तर निकालावर "नापास" लिहीत नाहीत, "सुधारणा आवश्यक" लिहितात आणि पुढच्या वेळी पुन्हा बसता येतं. पंधरा वर्षांपुढच्या कोणाचंही नाव जवळच्या शाळेत नोंदवता येतं. शिकवणारे स्वयंसेवक असतात, त्यांना मानधन नाही, आणि खरी टंचाई त्यांचीच आहे. आमच्याकडे बायका संध्याकाळचं दूध घालून आल्यावर बसतात. ज्यांना वजाबाकी दोन्ही रीतींनी येते, त्यांची तर फार गरज आहे.