‘विषय येतो, मग तपासायचं काय?’

शिक्षकांमध्ये सध्या एक मजकूर भराभर पुढे पाठवला जातोय. त्याचा सारांश असा: विद्यापीठाच्या ऑनलाइन कोर्सचं परीक्षण म्हणजे कागदी घोडे नाचवणं. प्राध्यापकाला विषय येतो, विद्यार्थ्यांनी रेटिंग चांगलं दिलंय, व्हिडिओ सुबक आहेत. मग बाहेरच्या माणसाने त्यात नाक खुपसायचं कारण काय?

मी ऑनलाइन कोर्स तयार केलेत आणि इतरांचे तपासलेतही. हा मजकूर मनापासून लिहिलेला आहे, पण त्यातल्या जवळपास प्रत्येक मुद्द्यावर माझं म्हणणं वेगळं आहे.

‘प्राध्यापकाला विषय येतो.’ येतोच, आणि अडचण तिथेच सुरू होते. ज्याला विषय तोंडपाठ आहे त्याला आपल्याच कोर्समधल्या गाळलेल्या जागा दिसत नाहीत, कारण वाचताना तो त्या मनातल्या मनात भरत जातो. वर्गात हे निभावून जातं. समोर चार चेहरे गोंधळलेले दिसले की आपण मागे येतो, फळ्यावर पुन्हा मांडतो. रात्री अकरा वाजता मोबाइलवर एकटं बसून शिकणारी मुलगी अडली, तर ती अडलेलीच राहते.

एक उदाहरण सांगतो. संख्याशास्त्राचा एक कोर्स माझ्याकडे तपासायला आला होता. चौथ्या आठवड्याचं उद्दिष्ट लिहिलं होतं, ‘दिलेल्या माहितीसाठी योग्य चाचणी निवडता येईल.’ (चाचणी म्हणजे इथे परीक्षा नव्हे, आकड्यांवरून निष्कर्ष काढायची संख्याशास्त्रीय पद्धत.) व्हिडिओ नेमके, वाचनसाहित्य चांगलं. मग क्विझचे दहा प्रश्न उद्दिष्टासमोर ठेवून पाहिले. दहाच्या दहा व्याख्या आणि सूत्रं! निवड करायची वेळ विद्यार्थ्यांवर एकदाही येत नव्हती. ती आली थेट शेवटच्या प्रकल्पात, 40 टक्के गुणांसाठी. प्राध्यापकांना हे दाखवलं तेव्हा ते बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिले. म्हणाले, ‘‘चार वर्षं मी समजत होतो की मुलं प्रकल्पात आळस करतात.’’ या माणसाच्या विषयज्ञानाबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. उद्दिष्ट, शिकवणं आणि मूल्यमापन एका रेषेत हवं, हा विचार शिक्षणतज्ज्ञ जॉन बिग्ज यांनी 1996 सालीच व्यवस्थित मांडलाय. आपली रेष कुठे तुटली ते मात्र आपलं आपल्याला सहसा दिसत नाही. दुरुस्तीला एक दुपार पुरली: सहा प्रश्न काढून त्यांच्या जागी छोटे प्रसंग दिले आणि विचारलं, ‘इथे कोणती चाचणी लावाल आणि का?’

‘रेटिंग चांगलं आहे.’ हा मुद्दा वरवर सगळ्यात पटणारा, म्हणून त्यावर जरा थांबतो. हार्वर्डमध्ये लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गांवर केलेला अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. ज्या वर्गात विद्यार्थ्यांना स्वतः उदाहरणं सोडवायला लावली, तिथे ते चाचणीत पुढे निघाले. पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटत होतं. ओघवत्या व्याख्यानाने उलटा समज करून दिला. त्याआधी 2017 साली बॉब उटल आणि सहकाऱ्यांनी यापूर्वीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा शिक्षकाला मिळालेलं रेटिंग आणि विद्यार्थ्यांचं प्रत्यक्ष शिकणं यांच्यात म्हणण्यासारखा संबंध सापडला नाही. शिवाय सत्राच्या शेवटी फॉर्म भरतात ते शेवटपर्यंत टिकलेले विद्यार्थी. तिसऱ्या आठवड्यात सोडून गेलेल्यांचं मत त्यात येतच नाही. विद्यार्थ्यांचं ऐकू नये असं मी म्हणत नाही. ‘असाइनमेंट कुठे जमा करायची ते सापडलं नाही’ हे एक वाक्य मला पाचपैकी साडेचार ताऱ्यांपेक्षा मोलाचं वाटतं.

व्हिडिओंबद्दल थोडक्यात. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी 2014 साली एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या मंचावरच्या चार कोर्समधली, व्हिडिओ पाहण्याची 69 लाख सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहण्याचा मध्यक वेळ (निम्मे जण ज्याहून कमी पाहतात तो) सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. तेव्हा चाळीस मिनिटांचं सुबक रेकॉर्डिंग बरेच जण अर्धंही पाहत नाहीत. आणि सबटायटल नसतील, तर ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी तो व्हिडिओ मुका आहे.

राहिला बाहेरचा माणूस. 2003 साली अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये सुरू झालेल्या, ऑनलाइन कोर्सचं परीक्षण करणाऱ्या ‘क्वालिटी मॅटर्स’ची पद्धत पाहा. परीक्षक तिघं, आणि तिघंही स्वतः ऑनलाइन शिकवणारे शिक्षक. ते कोर्सची रचना तपासतात. शिक्षक कसा शिकवतो याला गुण देत नाहीत. अत्यावश्यक निकष सगळे पाळावे लागतात आणि एकूण गुण साधारण 85 टक्के लागतात. कमी पडलं तर शेरा मारून कोर्स बाजूला टाकत नाहीत, दुरुस्त करून पुन्हा आणायला सांगतात. कोणता सिद्धांत शिकवायचा, कोणती बाजू मांडायची, यात कुणी बोलत नाही. याला शिक्षकाच्या स्वातंत्र्यावर घाला म्हणणं मला पटत नाही.

एक गोष्ट मात्र त्या मजकुरातली खरी आहे, आणि ती नाकारली तर मी अप्रामाणिक ठरेन. कागदी घोडे नाचवणारी परीक्षणं मीही पाहिलीत. ‘उद्दिष्टं लिहिली आहेत का? होय.’ ‘क्विझ आहे का? होय.’ तासाभरात सही. असं परीक्षण झालं काय आणि न झालं काय, सारखंच. म्हणून माझा आग्रह असा की परीक्षकाने विद्यार्थ्याच्या लॉगिनने कोर्समध्ये जावं, मोबाइलवर उघडावा, पहिल्या आठवड्याची असाइनमेंट स्वतः लिहून जमा करावी, आणि एक सत्र उलटल्यावर परत यावं.

त्या संख्याशास्त्राच्या कोर्सकडे मी तसा परत गेलो. बहुतेक प्रकल्पांत चाचणी बरोबर निवडली होती. आता गाडी निष्कर्ष लिहिताना अडत होती: आकडा आला, पण त्याचा अर्थ काय, हे दोन वाक्यांत कुणाला मांडता येत नव्हतं. प्राध्यापकांनी न सांगताच पाचव्या आठवड्याचं क्विझ उघडलं.