दुसरा राउटर लावला तर गुन्हा? त्या मेसेजचं काय करायचं

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार गटांवर आला. एकदा तर माझ्या सख्ख्या साळ्यानंच पाठवला. मजकूर असा:

“फायबर वापरणाऱ्यांनी सावधान! कंपनीचा राउटर सोडून दुसरा लावणे हा गुन्हा आहे, त्याला सरकारी परवाना लागतो. बाहेरच्या राउटरने स्पीड अर्धी होते, घरातला डेटा चोरीला जातो. जगात कुठेच असे चालत नाही. कंपनीचा राउटर फुकट असताना पैसे का घालवता? पुढे लाइन बिघडल्यास कंपनी जबाबदार नाही. 10 जणांना पाठवा.”

माझं दारव्हा तालुक्यातल्या एका गावात ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, शेतकरी ओळखपत्र, पोरांच्या स्कॉलरशिपचे फॉर्म, सगळं नेटवर. नेट अडकलं की समोर वीस माणसं थांबतात आणि प्रत्येकाला यष्टी पकडायची असते. त्यामुळे या डब्यांशी माझी रोजची झटापट आहे.

आधी एक गाठ सोडवू. कंपनी देते तो डबा दिसायला एक, पण कामं दोन करतो. फायबरमधून, म्हणजे काचेच्या बारीक धाग्यातून, येणारा उजेड वाचायचा आणि आपला उजेड परत पाठवायचा, हे पहिलं. आलेलं नेट घरभर वाटायचं, वायफाय सोडायचं, हे दुसरं. मेसेजवाल्यानं दोन्हीचा काला केलाय.

पहिलं काम कंपनीचंच, आणि तिथे मी तिच्या बाजूचा आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जीपॉन नावाची पद्धत असते. एकच धागा फाटे फोडून 32 किंवा 64 घरांना दिलेला असतो. येताना सेकंदाला सुमारे 2.5 गिगाबिट आणि जाताना सुमारे 1.25 गिगाबिट, सगळ्या घरांत मिळून. जाताना सगळी घरं त्याच धाग्यावर उजेड टाकतात, म्हणून प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. पाटाच्या पाण्यासारखंच आहे हे. पाळी नसताना एकानं दार उघडलं की खालच्याचं वावर कोरडं. ऑनलाइन जुना फायबर डबा घेऊन त्यात फायबरच्या टोकाचं हिरवं कनेक्टर खुपसलं, तर बहुतेक वेळा नुसतं चालणार नाही, कारण डब्याचा सिरियल नंबर कंपनीकडे नोंदलेला नसतो. पण त्या डब्याचा लेझर बिघडून सतत पेटत राहिला, तर शेजाऱ्यांचंही नेट बसतं. तेव्हा हिरव्या कनेक्टरला हात लावू नका. त्याच्या अलीकडचं, म्हणजे डब्याच्या पिवळ्या तोंडातून निघणाऱ्या वायरीपासून पुढचं घर तुमचं.

आता गुन्हा आणि परवाना. वायफाय ज्या 2.4 गिगाहर्ट्झ लहरींवर चालतं, त्या भारतात 2005 पासून परवानामुक्त आहेत. 5 गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा ऑक्टोबर 2018 मध्ये मोकळा झाला. वायरलेस उपकरणाला सरकारी मान्यता लागते हे खरं, पण ती बनवणाऱ्यानं किंवा आयात करणाऱ्यानं घ्यायची असते, दुकानातून बिल घेऊन आणणाऱ्यानं नाही. उलट डिसेंबर 2020 मध्ये केंद्रानं मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत किराणावाला किंवा चहावालासुद्धा दुकानातून लोकांना वायफाय देऊ शकतो, त्याला परवानाही नको आणि नोंदणी फीसुद्धा नाही. चहाच्या टपरीला परवाना लागत नाही आणि तुमच्या माजघराला लागतो? योजनेबाहेर शेजाऱ्याला वायर ओढून देऊन महिन्याचे पैसे घेणं मात्र वेगळी भानगड आहे, ते करू नका. कंपनीच्या अटींमध्ये काही लिहिलं असेल तर ते तुमचं आणि कंपनीचं बोलणं. त्यात पोलीस येत नाहीत.

“स्पीड अर्धी होते” हा मेसेजमधला सगळ्यात जास्त पटणारा मुद्दा, कारण लोकांनी तसं पाहिलेलं असतं. आमच्या गल्लीतल्या काकाजींचंच घ्या. ते सांगत आले, “अरे बापू, शंभराच्या स्पीडचा प्लॅन घेतला, अन् मागच्या खोलीत नुसतं चाक फिरून राहिलं. काहून?”

जाऊन पाहिलं. घर जुनं, मातीच्या हातभर जाड भिंती, वर टिना. डबा समोरच्या खोलीत, गव्हाच्या लोखंडी कोठीमागे. लाइन जोडणाऱ्या पोरानं तिथे का ठेवला? तिथे प्लग होता म्हणून. मी लॅपटॉप वायरीनं डब्याला लावला, तर 94 मेगाबिट आले. म्हणजे लाइन ठणठणीत होती. डब्याची तोंडं जुन्या 100 मेगाबिटच्या जातीची, त्यातून इतकंच निघतं. डब्याजवळ उभं राहून वायफायवर 40, मागच्या खोलीत 3. लोखंडी पत्र्याला धडकून वायफाय परत फिरतं, आणि डबा फक्त 2.4 वर चालणारा.

चॅनेल, म्हणजे वायफायच्या लहरींतली गल्ली, तरी बदलून पाहावी म्हणून डब्याचं पान उघडलं. तो भाग बंद. वायफायचं नाव दिसतं, बदलता येत नाही. कंपनीला फोन केला तर “इंजिनियर येईल.” तीन दिवस कोणी आलं नाही. चौथ्या दिवशी आला तो म्हणाला, “ते वरून होते भाऊ, आमच्या हातात नाही.” स्वतःच्या घरातल्या दिव्याचं बटण बाहेरच्यानं दाबायचं, असा हा कारभार. माझा राग आहे तो इथे. डबा साधा आहे म्हणून नाही, त्याची किल्ली ग्राहकाला देत नाहीत म्हणून.

शेवटी वीस मीटर वायर आढ्यावरून माजघरापर्यंत नेली आणि काकाजींचा स्वतःचा दोन बँडचा, म्हणजे 2.4 आणि 5 दोन्हींवर चालणारा, राउटर तिथे टांगला. तो ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं वायफाय सोडायला, लावला: त्याचा पत्ता बदलून 192.168.1.2 केला, फोन-लॅपटॉपला आयपी, म्हणजे नेटवरचे पत्ते, वाटायचं काम बंद केलं, आणि वायर डब्याच्या पिवळ्या तोंडातून त्याच्याही पिवळ्याच तोंडात घातली. याला कंपनीची परवानगी लागत नाही, पासवर्डही लागत नाही. मागच्या खोलीत 80 च्या वर आले. काकाजींच्या नातवानं त्याच रात्री अख्खी मॅच पाहिली, हे दुष्परिणामांत धरा.

मग अर्धी कुठून आली? रिपीटरमुळे. प्लगमध्ये खोचायचा स्वस्त रिपीटर एकाच लहरीवर ऐकतो आणि त्याच लहरीवर परत बोलतो, म्हणून स्पीड खरंच निम्मी होते. दोष वायर न टाकण्याचा, राउटरचा नाही. आणखी एक फसगत: तालुक्याच्या बाजारात टेलिफोनच्या वायरीचे जुने मॉडेम अजून “राउटर” म्हणून गळ्यात मारतात. मागे टेलिफोनच्या वायरीचं बारकं तोंड दिसलं तर सोडून द्या.

डेटा चोरीचं. नोव्हेंबर 2016 मध्ये जर्मनीत जवळपास 9 लाख ग्राहकांचं नेट कोलमडलं. हल्ला झाला होता तो कंपनीनंच दिलेल्या राउटरांवर, कंपनीनं दुरून दुरुस्तीसाठी उघडं ठेवलेल्या दारातून. म्हणजे कंपनीचा शिक्का हे काही कवच नव्हे. पण स्वतःचा राउटर आणून पासवर्ड “ॲडमिन” तसाच ठेवला आणि वर्षभर अपडेट केलं नाही, तर मेसेजवाला खरा ठरेल. किल्ली हातात आली की कुलूप लावायचं कामही आपलंच.

“जगात कुठेच चालत नाही” हे वाचून मला हसूच आलं. त्याच जर्मनीत 1 ऑगस्ट 2016 पासून कोणता राउटर लावायचा ते ग्राहक ठरवतो, कायद्यानं. त्याही आधी अमेरिकेत टेक्सासच्या थॉमस कार्टर नावाच्या माणसानं फोनचा रिसीव्हर रेडिओला जोडणारं यंत्र काढलं होतं, तेलविहिरींवर आणि दूर रानात काम करणाऱ्यांसाठी. फोन कंपनी म्हणे, आमच्या लाइनला परकं काही चालणार नाही. 1968 मध्ये निकाल कार्टरच्या बाजूनं लागला. रानातल्या माणसाची अडचण तेव्हाही कंपनीला दिसत नव्हती.

फुकटाबद्दल दोनच वाक्यं. कुठे डिपॉझिट असतं, कुठे सहा महिन्यांचे पैसे आधी घेतात, आणि कनेक्शन सोडताना डबा परत द्यावा लागतो. तुमचा राउटर कंपनी बदलली तरी तुमच्या घरी राहतो.

लाइनच्या जबाबदारीचं असं: डब्यावर “लॉस” लिहिलेला लाल दिवा लुकलुकत असेल तर उजेडच पोचत नाहीये. माकडानं वायर तोडली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अडकली, काहीही असो, ते कंपनीचं काम, तुमच्या घरात दहा राउटर असले तरी. तक्रार करायच्या आधी लॅपटॉप थेट कंपनीच्या डब्याला वायरीनं लावून पाहा आणि तसंच सांगा. “तुमचा राउटर काढा आधी” हे वाक्य तिथेच मरतं.

कुणाला नेट वाटायचं सगळं काम आपल्याच राउटरकडे हवं असेल, तर कंपनीकडे “ब्रिज मोड” मागा, म्हणजे तिचा डबा फक्त उजेडाचं काम करेल. सोबत लॉगिनचं नाव, पासवर्ड आणि व्हीलॅनचा (लाइनमधल्या आपल्या कप्प्याचा) आकडा मागा. देतीलच असं नाही. मला दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा त्याच ऑफिसातल्या दुसऱ्या पोरानं पाच मिनिटांत करून दिलं.

आणि माझे स्वतःचे अडीच हजार कुठे वाया गेले तेही सांगतो. शेतातल्या मोटरवर कॅमेरा लावायचा होता. वाटलं, आपला राउटर असला की पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडता येईल आणि दुकानातून थेट पाहता येईल. राउटर आणला, पोर्ट उघडलं, काही दिसेना. दोन दिवसांनी डोक्यात उजेड पडला: आमची कंपनी कितीतरी घरांना एकाच बाहेरच्या पत्त्यावर बसवते. राउटरला मिळालेला पत्ता 100.64 नं सुरू होत होता, म्हणजे माझ्या दाराबाहेर कंपनीचं आणखी एक दार. ते कुठल्याच राउटरनं उघडत नाही. स्वतंत्र पत्त्याचे वेगळे पैसे मागितले, ते मी दिले नाहीत. कॅमेरा आता त्याच्या कंपनीच्या ॲपवर चालतो, आणि राउटर दुकानात झेरॉक्स मशीनच्या वर आहे.