डाव्यांचा आमदार-खासदार नेमका कुणाला बांधील?

काल कट्ट्यावर एकाच विषयावरून जुंपली ती रात्री साडेअकरापर्यंत. सुरुवात कॉम्रेडने केली (आमच्यात डाव्या पक्षाचं सभासदत्व असलेला तो एकटाच, म्हणून नावच पडलंय). म्हणाला, बाकीच्यांचे आमदार रातोरात पक्ष बदलतात, आमचे बदलतात का? माकपचे (मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे) माणिक सरकार २० वर्षं त्रिपुराचे मुख्यमंत्री होते, पगार पक्षाकडे जमा करायचे आणि पक्ष देईल तेवढ्या मानधनात घर चालवायचे. आपल्याकडे गणपतराव देशमुख, सांगोल्यातून ११ वेळा आमदार, पण शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) काही सोडला नाही.

हे सगळ्यांनाच मान्य, यात वादच नाही. पण आमच्यातला वकील म्हणाला, अरे हा झाला प्रामाणिकपणा, मतदाराला जाब देणं वेगळं. तिकीट पक्षाचं, व्हिप (सभागृहात मत कसं द्यायचं याचा आदेश) पक्षाचा, पगारसुद्धा पक्षाकडे, मग मतदार येतो कुठे? माकपचे खासदार आणि लोकसभेचे अध्यक्ष सोमनाथ चॅटर्जींचंच घे, २००८ ला अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून डाव्यांनी केंद्र सरकारचा पाठिंबा काढला, पक्ष म्हणाला अध्यक्षपद सोडा, ते म्हणाले लोकसभेचा अध्यक्ष कुठल्या पक्षाचा नसतो, आणि विश्वासदर्शक ठरावाच्या दुसऱ्याच दिवशी पक्षातून हकालपट्टी. त्यांना निवडून देणाऱ्या बोलपूरच्या मतदारांना कुणी विचारलं?

कॉम्रेड उसळलाच. पक्षाच्या चिन्हावर निवडून आले ना, लोकांनी पक्षाचं धोरण बघूनच मतं दिली ना, मग उद्या प्रत्येक खासदार मनाला येईल तसा वागला तर मतदाराची फसवणूक नाही का? आणि व्हिप काय फक्त आमचाच आहे का, १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने तो सगळ्यांनाच लागू आहे. हा मुद्दा मला पटला, खरंच पटला.

पण मला जे सलतं ते पश्चिम बंगालमधलं नंदीग्राम. माकपचे बुद्धदेव भट्टाचार्य तिथले मुख्यमंत्री असूनही दोन खोल्यांच्या सरकारी फ्लॅटमध्ये राहायचे, त्यांच्या साधेपणावर विरोधकही बोट ठेवत नव्हते, आणि त्यांच्याच सरकारच्या पोलिसांनी १४ मार्च २००७ ला जमीन द्यायची नाही म्हणणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या, १४ माणसं गेली. गावागावात शाखा असलेल्या पक्षाला लोकांच्या मनात काय चाललंय हे कळू नये? माझं म्हणणं असं की कार्यकर्त्याला वरच्या कमिटीला उत्तर द्यायची सवय लागली की खालचं ऐकू येईनासं होतं. शेवटी जाब विचारला मतदारांनीच, २०११ ला ३४ वर्षांची सत्ता गेली आणि २०२१ ला बंगालच्या विधानसभेत डाव्यांचा एकही आमदार उरला नाही.

यावर कॉम्रेड बराच वेळ गप्प. मग म्हणाला, केरळ पण बघा ना, १९९६ ला डाव्यांच्याच सरकारने लोकयोजना आणली, राज्याच्या योजनेतला ३५ ते ४० टक्के निधी पंचायती-नगरपालिकांकडे दिला आणि तो कशावर खर्चायचा याची चर्चा ग्रामसभेत सुरू केली. अरे मग हेच तर आम्ही म्हणतोय, वकील म्हणाला, पैशाबद्दल ग्रामसभेत विचारता येतं तर तुझ्या आमदाराने सभागृहात काय केलं ते पण तिथेच येऊन सांगू दे की, दर सहा महिन्यांनी, तोंडावर. १८७१ च्या पॅरिस कम्यूनमध्ये (उठावानंतर लोकांनी चालवलेलं शहराचं सरकार) तर लोकांना प्रतिनिधी परत बोलावता यायचे आणि मार्क्सने त्याचं कौतुक केलं होतं, हे तूच आम्हाला शिकवलंस ना!

कॉम्रेड उठला, चप्पल घातली. म्हणाला, रविवारी शाखेची बैठक आहे, सहा महिन्यांचं मांडतो.