वॉशिंग्टनचं मोडलेलं कोर्ट आणि भोसरीची फाइल

दिवाळीत फोन केला तर आतेभाऊ फराळावर दोन वाक्यं बोलला आणि थेट फायलीवर आला. भोसरीत त्याचा छोटा कारखाना आहे. एका व्हॉल्व्हचं पेटंट त्याला नाकारलं गेलं. त्याविरुद्धचं अपील बौद्धिक संपदा अपील मंडळापुढे बरीच वर्षं पडून राहिलं, आणि एप्रिल २०२१मध्ये वटहुकूम निघून मंडळच गुंडाळलं गेलं. फाइल मुंबई उच्च न्यायालयात आली. नवा नंबर, नवं वकीलपत्र, पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगणं. "तुमच्याकडं असलं नसेल गं," दादा म्हणाला. "तिकडं पेटंटचं वेगळं कोर्ट, जाणकार जज्ज."

दादा, इकडंही असंच एक कोर्ट मोडलंय.

मी व्हर्जिनियात राहते आणि पेटंटच्या कागदांवरच माझं पोट आहे. व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट चौकाच्या कडेला, जुन्या बुटक्या घरांच्या मागून लाल विटांची एक उंच इमारत डोकावते. १९६७पासून इथे दोन कोर्टं शेजारी नांदायची. त्यातलं एक होतं सीमाशुल्क आणि पेटंट अपील न्यायालय. ही जोडी ऐकून मला आधी हसू आलं होतं. बंदरातली जकात आणि शास्त्रज्ञाचा शोध, यांचं गोत्र कसं जुळणार?

जुळवलं सोयीने. १९०९च्या कायद्याने फक्त कस्टम्सच्या अपिलांसाठी हे कोर्ट निघालं, कारण तोवर ही अपिलं देशभरच्या वेगवेगळ्या न्यायालयांत जायची आणि एकाच मालाला दोन बंदरांत दोन न्याय लागायचे. १९२९मध्ये पेटंट ऑफिसविरुद्धची अपिलंही त्याच्याच गळ्यात घातली. जज्ज पाच. पेटंट, ट्रेडमार्क, सीमाशुल्क, पुढे अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाचे निर्णय, एवढा त्यांचा प्रांत.

प्रांत छोटा, पण मामला बारीक नव्हता. आनंद मोहन चक्रवर्ती हे आपल्याकडून गेलेले बंगाली शास्त्रज्ञ. खनिज तेल खाणारा जिवाणू त्यांनी तयार केला. परीक्षकाने सांगितलं, जिवंत वस्तूवर पेटंट नाही. पेटंट ऑफिसातल्या अपील मंडळानेही तेच सांगितलं. मग ते या पाच जणांपुढे आले आणि इथे जिंकले. १९८०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तोच निकाल कायम केला. आजचा जैवतंत्रज्ञानाचा धंदा त्या एका मताच्या फरकावर उभा आहे.

गोम एकच होती. पेटंट नाकारलं तर अपील या कोर्टात; पण मिळालेल्या पेटंटचं कुणी उल्लंघन केलं, तर त्या खटल्याचं अपील त्या-त्या विभागाच्या अपील न्यायालयात. एका विभागात पेटंट टिकायचं, दुसऱ्यात हटकून पडायचं. वकील आधी नकाशा बघायचे आणि मग कायदा. म्हणून १ ऑक्टोबर १९८२ला हे कोर्ट आणि शेजारच्या दालनातलं सरकारविरुद्धच्या दाव्यांचं कोर्ट मिळून फेडरल सर्किट हे एकच अपील न्यायालय झालं. पेटंट उल्लंघनाची अपिलंही देशभरातून तिथेच यायला लागली.

गंमत अशी की त्याच महिन्यात, ११ ऑक्टोबर १९८२ला, भारतात सीमाशुल्क, उत्पादन शुल्क आणि सुवर्ण नियंत्रण अपील अधिकरण सुरू झालं. इकडे वेगळं दुकान बंद होत होतं, तिकडे फीत कापली जात होती.

आता आपल्याकडचा वाद. एक पक्ष म्हणतो, ही अधिकरणं म्हणजे निवृत्तांची सोय, मोडली ते बरंच. दुसरा म्हणतो, उच्च न्यायालयात सकाळी जामीन, दुपारी भाडेकरू आणि संध्याकाळी रेणूंची रचना, असं कसं चालेल? मी पूर्वी दुसऱ्या पक्षात होते. आता तितकीशी नाही. तज्ज्ञांचं कोर्ट आपल्या विषयाच्या प्रेमात पडतं. सॉफ्टवेअरच्या पेटंटांवर इथल्या पाच जणांना सर्वोच्च न्यायालयाने १९७२मध्ये आणि १९७८मध्ये उलटवलं होतं, आणि फेडरल सर्किट पेटंटधारकांना झुकतं माप देतं ही कुरकुर आजही ऐकू येते.

पण मोडण्याची रीत बघा. इथे पाचही जज्ज नव्या कोर्टात गेले. शेजारच्या कोर्टातले जज्जही आले. जुन्या कोर्टाचे मुख्य न्यायाधीश हॉवर्ड मार्की नव्याचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. त्याच महिन्यात, एका कस्टम्सच्याच प्रकरणात, नव्या कोर्टाने जाहीर केलं की दोन्ही जुन्या न्यायालयांचे दाखले आम्हाला बंधनकारक. घर बदललं, भांडी सगळी बरोबर आली.

आपल्या मंडळाचं अध्यक्षपद २०१६-१७मध्ये दीड वर्षाहून जास्त रिकामं होतं. खुर्ची भरायची नाही, प्रकरणं तुंबू द्यायची, आणि मग तुंबलेल्या प्रकरणांकडे बोट दाखवून मंडळ निरुपयोगी ठरवायचं, याला सुधारणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२१मध्येच बौद्धिक संपदा विभाग काढला, हे मात्र मानायला हवं. पण पेटंट कार्यालयं चार शहरांत, त्यामुळे अपिलं चार उच्च न्यायालयांत. म्हणजे १९८२आधी इकडे जो नकाशा उल्लंघनाच्या खटल्यांत लागायचा, तो आता तिकडे अपिलाला लागणार. भोसरीचा माणूस मुंबईत, होसूरचा चेन्नईत. आणि मुद्दा तोच असला तरी उत्तर तेच मिळेल याची हमी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्याशिवाय नाही.

हे सगळं मी दादाला फोनवर सांगितलं. त्याने मध्येच विचारलं, "त्या मोडलेल्या कोर्टाचे निकाल अजून चालतात म्हणतेस?" चालतात. दोन ट्रेडमार्क एकमेकांसारखे वाटतात का, हे तपासायचे तेरा निकष त्या कोर्टाने १९७३मध्ये घालून दिले होते. मागच्याच आठवड्यात मी ते एका अर्जाच्या उत्तरात टाकले.

दादा थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "माझी तारीख जानेवारीत आहे. तोवर तू येणार असशील तर चल बरोबर, वकिलाला व्हॉल्व्ह कसा चालतो ते तूच समजावून सांग."