खुराडा कुठं निघाला?

लेकीच्या हट्टापायी कोल्हापुरात कसबा बावड्यातल्या आमच्या घरी चार बदकं आली. खाकी कॅम्पबेल, वर्षाला 300 पर्यंत अंडी देणारी जात म्हणे (त्यातला एक नर निघाला, त्याचा हिशोब कुणाकडं मागायचा), आणि आठ दिवसांत परसाची पार चिखलणी झाली. कोंबडी बिचारी चोच बुडवून पाणी पिते, बदकाला डोळे-नाकपुड्या धुवायला अख्खं डोकं बुडवायला लागतंय, मग तेच ओलं डोकं मातीत खुपसायचं, की परत टबात. टबाभोवती भाताची लावण करता आली असती.

म्हणून ठरवलं, बिनबुडाचा फिरता खुराडा करायचा. 8 बाय 4, उंची 3 फूट. रोज सरकवायचा, बदकांना ताजं गवत, घाण एका जागी साचणार नाही, उलट खत होईल. लाईट बिलाच्या मागं चित्र काढलं आणि चूक केली ती दाजींना दाखवायची.

दाजी म्हणाले, कोंबडीजाळी लावलीस तर बदक आत राहील, मुंगूसपण आत येईल. बरोबर होतं ओ. मग अर्धा इंची वेल्डमेश ठरली. पण मुंगूस खालनं उकरतंय, त्याला बाहेरून दीड फूट जाळी जमिनीवर पसरायची, आणि ती पसरली की खुराडा सरकवताना गवत उपटणार, माझी नखं पण. पीव्हीसी पाईपचा केला तर हलका होईल, पण एका वळवात तो शेजारच्या काकूंच्या टेरेसवर जाईल. मग गेलो उद्यमनगरात.

तिथं इंजिनाचे पार्ट घडवणाऱ्यांच्या गल्लीत खुराड्याचं चित्र काढायला मलाच लाज वाटली. वेल्डरनं बिल उलटसुलट केलं, आधी माझा वीजवापर वाचला. "दीड इंची पाईप टाकूया साहेब, वर म्हस चढली तरी वाकायचं न्हाई."

"म्हस कशाला चढंल?"

"चढली तर म्हणतोय."

60 फूट पाईप, जाळी, वर पत्रा, सगळं मिळून साठेक किलो. ढकलणार कोण? चाकं लावूया. चाकं लावली की खालनं चार इंच फट, म्हणजे मुंगसाला आमंत्रणपत्रिकाच. मग चाकं वर-खाली करायला लिव्हर, लिव्हरला लॉक, आणि गडी असा रंगात आला की ब्रेकपण काढला चित्रात. सगळं झाल्यावर शांतपणे विचारलं, "पण खुराडा फिरवायचा कशाला? बदकांनी फिरावं की." मला उत्तर सुचलं नाही, खरं सांगतो.

घरी आलो तर दाजी नवीन शंका घेऊन बसलेले. "2019 ला, 2021 ला पुरात काय झालं आठवतंय न्हवं? पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट पाणी गेलं की धोका. खाली चार रिकामे ड्रम बांध, तरंगंल तरी."

"दाजी, बदकं आहेत ती."

दाजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तरीपण."

शेवटी रविवारी टेप घेऊन परस मोजलं, जे काम सगळ्यात आधी करायला पाहिजे होतं. 20 बाय 15. त्यातनं कढीपत्ता, जास्वंद, धुण्याचा दगड, पाण्याची टाकी आणि बायकोची स्कूटर वजा केली, तर खुराडा बसंल अशा जागा उरल्या दोन. म्हणजे सोमवारी इथं, मंगळवारी तिथं, बुधवारी परत इथं, गवतानं उगवायचं कधी? तरी फक्कीनं दोन चौकोन आखले, तेवढ्यात चौघं त्यावरनं फेरी मारून गेले आणि पांढरे पाय घेऊन थेट स्वयंपाकघरात.

आई कट्ट्यावर बसून सगळं बघत होती. उठून आली, चित्र बघितलं, लिव्हर बघितली, ब्रेक बघितला.

"चांगलं हाय की. फक्त चारी कोपऱ्याला विटा लाव बघ. हलायला नको."